चकरीतलं चामडं

बाबा, तुमच्या विसराळूपणावर वर गेल्यावर काही औषध मिळालं की नाही, कोण जाणे, म्हणून आधी ओळख सांगते. मी तुमची मोठी मुलगी. चष्मा कपाळावर चढवून तो शोधायला तुम्ही जिला बाजाराच्या टोकापर्यंत पिटाळायचात, ती. हाक मारताना आधी तुमच्या बहिणीचं, मग म्हशीचं, मग धाकट्याचं नाव घेऊन चौथ्या खेपेला जिच्या नावावर यायचात, ती. आता मीच चार नातवंडांची आजी आहे, खालचे दोन दात सोडले तर तोंडात माझं स्वतःचं काही उरलेलं नाही, तेव्हा समोर उभी राहिले तरी तुम्ही ओळखणार नाही. हे लिहिते आहे माझी सून. मी बोलते, ती लिहिते. मी ‘मले’ म्हटलं की ती ‘मला’ करते. अंगणवाडीत शिकवते, सवय जात नाही. करू दे. मला कुठं वाचून बघता येणार आहे?

विषय तुमच्या त्या चकरीचा आहे. मासे धरायच्या, गळाचा दोरा गुंडाळायच्या, धरणावरच्या साहेबांच्या. हे तरी आठवेल. पंधरा दिवसांमागं धाकट्याचा पोरगा जानेफळहून मोटारसायकलवर इथं माझ्या सासरी, बीबीला आला. तुमचा नातू, माझा भाचा. तुमच्या दुकानात आता तो मोबाइल विकतो, तुमचा फोटो मात्र तिथंच आहे, हार घातलेला. ओट्यावर बसला आणि पिशवीतून तुमच्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या मांडीवर ठेवलं. “घे आत्या, तुही मैतरीण आणली. साठ वरसापासून माहेरी पडून होती.” फडकं सोडायच्या आधीच वजनावरून मला कळलं. एका हातात धरली तर मनगट वाकतं इतकी जड, खोबऱ्याच्या गोट्याएवढी, पण त्याहून दुप्पट भारी.  मी म्हटलं, “काऊन आणली रे हे? फेकून नाही दिली अजून?”

तो म्हणाला, पुण्याकडं एक माणूस आहे, तो असल्या जुन्या चकऱ्या जमवतो. भाच्यानं फोटो टाकला, त्या माणसाला तो आवडला. आता त्याचं म्हणणं, कोणाकडून तरी नीट उघडून साफ करून घ्या, आतला कुठला भाग मूळचा, कुठला बदललेला, ते दाखवून सांगा, आणि चालते का ते बघा. भाच्यानं मेहकरात दोन दुकानं फिरून पाहिली. एकानं पेचकस लावून स्क्रूचं डोकंच सोलायला घेतलं, तेव्हा हा हिसकावून पळाला. “मंग मले तू आठवली,” म्हणाला. मी विचारलं, “मी? माह्या हातानं तं घसरते म्हणतात ना तुमच्या घरी?” तो हसला. त्याला त्यात वावगं काही वाटलं नाही, कारण ते त्याच्या जन्माच्या आधीपासून चालत आलं आहे. तुमच्या घरात काहीही सुटलं, घसरलं, निसटलं की ‘आत्याची चकरी’ म्हणतात. याच्याच बारशाला पाळण्याची दोरी सैल झाली तेव्हा बायका म्हणाल्या, आत्याची चकरी. याच्या लग्नात मांडवाची गाठ सुटली, आत्याची चकरी. मी पण हसायची, बाबा. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसायची, म्हणजे दुसऱ्या कोणाचं हसणं ऐकू येत नाही.

तुम्हाला तुमचं दुकान कसं दिसतं आता, माहीत नाही. मला रोज दिसतं. बाजाराच्या रस्त्याला पुढं पत्रा काढलेली ती आठ हातांची जागा. एका भिंतीला स्टोव्ह, दुसरीला कंदील, मध्ये फवारणीचे पंप, आणि कोपऱ्यात कोणाचं तरी शिलाई मशीन पाय वर करून पडलेलं. मी सात-आठ वर्षांची, पोत्यावर बसलेली. तुम्ही गोणपाटाखाली चार-पाच भाग ठेवता आणि म्हणता, हात घाल, बघू नको, काय आहे सांग. मी सांगते. नळी. वाल. स्प्रिंग, पण ही तुटकी. तुम्ही गिऱ्हाइकाकडं बघून मिशीतल्या मिशीत हसता. शाळेचे गुरुजी तुमच्याकडं कंदील घेऊन आले होते, त्या दिवशीचं बोलणं मला शब्दाशब्दानं आठवतं. ते म्हणाले, “मिस्तरी, पोरगी हुशार आहे, पाठवा शाळेत.” तुम्ही म्हणालात, “गुरुजी, हिच्या बोटाले डोये आहेत. पाटीवर गिरवून गिरवून ते फुटतीन.” सगळे हसले. मला इतकं मोठं वाटलं की त्या रात्री मी जेवलेच नाही. पुढल्या वर्षी धाकटा पाटी घेऊन गेला. मी नाही गेले, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही, कारण मला डोळे होते ना, बोटाला.

तुमची शिकवणही त्याच बेतानं होती. लिहिणारा माणूस भाग काढताना कागदावर आकडे घालतो. तुम्ही मला सुतळी दिलीत. निघाला भाग की ओव सुतळीत, निघाला की ओव. शेवटी जी माळ होईल ती उलटी सोडत जायची, यंत्र आपोआप बसतं. किती स्टोव्ह, किती पंप मी त्या माळेवर उघडले आणि मिटले. तेरा वर्षांची झाले तोवर बारीक कामं तुम्ही माझ्याकडंच सरकवत होतात, कारण तुमची नजर उतरत चालली होती आणि ते तुम्ही कोणाला सांगत नव्हतात. स्टोव्हच्या पंपाची चामडी तेवढी तुम्ही स्वतः कापायचात. चांभाराच्या रापीनं गोल फिरवून आणायचात आणि जिथून सुरू केलं तिथं बारीक शेपटी राहायची, उंदराच्या पिलासारखी. मग ती चामडी एरंडेलाच्या डब्यात बुडवून ठेवायचात. पंपाचं चामडं जितकं तेल पिईल तितकं चांगलं, हे तुमचं वाक्य.

मग ते साहेब आले. धरणाच्या कामावरचे, समुद्राकडच्या गावचे. रविवारी तलावाच्या काठी खुर्ची टाकून गळ लावून बसायचे आणि गावातली पोरं त्यांना बघायला जायची, कारण मासा धरायला खुर्ची लागते हे आम्हाला नवीनच होतं. त्यांची ही चकरी समुद्रातल्या मोठ्या माशांसाठी केलेली, परदेशी. दोन्ही बाजूंना गाण्याच्या तबकडीसारख्या काळ्या चकत्या, त्यांना चांदीसारखी कडी, लाकडी मूठ, आणि मुठीच्या मुळाशी चांदणीच्या आकाराची एक चावी. ती आवळली की आतला ब्रेक घट्ट, सैल केली की ढिला. मासा ओढतो तेव्हा दोरा तुटू नये म्हणून चकरीनं थोडं द्यायचं, पण सोडायचं नाही. हे साहेबांनीच समजावलं, तुम्हाला; मी खाली बसून ऐकत होते. चकरी जाम झाली होती, आत हिरवा गंज. “मिस्तरी, साफ करके दो,” म्हणाले. “बड़े साहब आ रहे हैं.”

तीन दिवस मी ती केली. घासलेटात भिजत ठेवलं, स्क्रू जबरदस्तीनं नाही फिरवले. माळ लावली. दात्यांतला गंज बाभळीच्या काडीनं काढला. त्या चांदणीच्या चावीमागं एकावर एक चकत्या होत्या, तुम्ही ज्यांना वायसर म्हणायचात: एक पितळी, एक लाल, एक पितळी, एक लाल, एक पितळी, एक लाल. लाल ज्या होत्या त्या दाबलेल्या पुठ्ठ्यासारख्या, कोरड्या, कडक. मी त्या कोरड्या फडक्यानं पुसल्या आणि कोरड्याच बसवल्या. सगळं मिटवून तुमच्यापुढं ठेवलं. दोरा पंपाच्या दांड्याला बांधून मी ओढून दाखवला. चकरी द्यायची आणि धरायची. तेवढ्यात मायनं पापड लाटायला हाक मारली म्हणून मी आत गेले. परत आले तर चकरी फडक्यात बांधलेली, स्क्रूंवर लाखेचे ठिपके दिलेले, म्हणजे गिऱ्हाइकानं मध्ये उघडली तर कळावं. ती तुमची पद्धतच होती. तुम्ही राखेनं हात धूत होतात. तुम्ही म्हणालात, “पाह्यली म्या. चांगली केली.” चार दिवस मी त्या चार शब्दांवर जगले असं म्हटलं तर सून हसेल, पण लिही गं, असंच लिही.

पुढचं सगळ्या जानेफळला माहीत आहे. बडे साहेब काठावर बसलेले, गळाला मासा लागला. कोणी म्हणे कटला, कोणी म्हणे मरळ. पाण्याबाहेर आलाच नाही म्हणून साठ वर्षांत तो वाढत वाढत आता बैलाएवढा झाला आहे. साहेबांनी चांदणी आवळली, चकरी थांबेना. अजून आवळली, थांबेना. अंगठ्यानं दाबली तर अंगठा सोलून निघाला, सगळा दोरा गेला, आणि बडे साहेब हसले म्हणे. बाजाराच्या दिवशी साहेब अंगठ्याला पट्टी बांधून दुकानात आले. समोर पन्नास माणूस. “मिस्तरी, किसने खोली थी?” मी पोत्यावर, हातात कंदिलाचं बर्नर. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही. तुम्ही म्हणालात, “पोट्टीनं खोलली होती साहेब. पोट्टीच्या हाती मशीन देली, हेच माही चुकी.” साहेबांनी चकरी फळीवर आपटली, “रख लो, मुझे दिखाना भी मत,” आणि गेले. लोक हसले. मग तुम्ही मला म्हणालात, “उठ. माय बलावते तुले.” माय बोलावत नव्हती. मी आत गेले तर ती चुलीपुढं, मला बघून म्हणाली, “काय झालं व? काऊन आली?” त्या दिवसानंतर पोत्यावर धाकटा बसायला लागला, ज्याला नळी आणि वाल यातला फरक अजून कळत नाही. दोन वर्षांनी तुम्ही मला बीबीला दिलंत.

इथं आल्यावर मी कशाला हात लावला नाही. फवारणीच्या दिवसांत पंप बंद पडायचा, आमचे मालक बांधावर बसून शिव्या द्यायचे, आणि मला आवाजावरून कळायचं की वालमध्ये कचरा आहे, दोन मिनिटांचं काम. मी पदर नीट करायची. मिस्तरी येईपर्यंत दुपार जायची. माझ्या मनात एकच, आपण एक वायसर कुठंतरी उलटा बसवला. कुठला, ते मी वर्षानुवर्षं आठवत राहिले. स्वयंपाक करताना, निंदताना, बाळंतपणात सुद्धा. पितळी, लाल, पितळी, लाल. माळ बरोबर यायची. मग वाटायचं, माळच चुकीची आठवते आहे.

तर भाचा म्हणाला, उघड. मी नाही म्हटलं. सून म्हणाली, “आई, उघडा ना, बघू तरी.” मी म्हटलं, “तू भाकरी पाहाय.” पण हात कोणाचं ऐकतात? आधी मी नुसती चाचपली. मूठ फिरवली: दाते अडत होते, पण तुटलेले नव्हते. मधली फिरकी अंगठ्यानं हलवून पाहिली, आडवी हलत नव्हती, म्हणजे आतला आस शाबूत. एक कडी वाकलेली, फळीवर आपटल्याची ती खूण. लाकडी मुठीला चीर. आणि स्क्रूंवर लाखेचे ठिपके, सगळेच्या सगळे, काळे पडलेले पण अखंड. म्हणजे तुमच्यानंतर तिला कोणी उघडलंच नव्हतं. साहेबांनी नाही, धाकट्यानं नाही. मेहकरच्या त्या दुकानदारानं एकाला ओरखडा पाडला होता, तेवढाच.

दोन दिवस घासलेटात ठेवली. नातवाच्या जुन्या दात घासायच्या ब्रशनं वरचं साफ केलं. पेचकसाचं टोक कानशीनं घासून स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असं केलं, भाचा म्हणतो, “आत्या, नवीन आणतो ना.” मी म्हटलं, “नवीन पेचकसाले जुना स्क्रू ओळखत नाही बे.” लाख खरवडली, स्क्रू सोडले, आणि सुतळी मागितली. सून बघत राहिली. मी ओवत गेले. मूठ, चांदणी, मग त्या चकत्या. पहिली पितळी. मग लाल. पितळी. लाल. पितळी. आणि मग बोटाला जे लागलं ते लाल नव्हतं. मऊ होतं. म्हणजे कधीकाळी मऊ, आता वर गोंदासारखं चिकट. मी डोळ्यांपुढं नाही धरलं आधी. बोट कडेनं फिरवलं. एका जागी शेपटी होती, बारीक.

स्टोव्हच्या पंपाचं चामडं, बाबा. एरंडेल प्यालेलं. शेजारच्या पितळीवरून तेल उतरून तिच्या पलीकडच्या लाल चकतीवर तेलकट काळा डाग गोल उठलेला आणि चामड्याची बाजू घासून आरशासारखी झालेली. सायकलच्या ब्रेकला तेल लागलं तर काय होतं हे जानेफळच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, आणि तुम्हाला तर होतंच. मी आत पापड लाटत असताना तुम्ही पुन्हा उघडली. संशयानं नाही, तेवढं मी समजते. कोणाचंही काम एकदा बघायची तुमची खोडच. कडक लाल चकती तुमच्या हातात मोडली असेल. नजर उतरलेली, बोटं जाड. साहेब दाराशी यायची वेळ. जवळ दुसरं काय होतं? डब्यात तयार पडलेलं चामडं. आयुष्यभर पंप केलेल्या माणसाचा हात तिकडंच जाणार. इथपर्यंत मी तुम्हाला काहीच म्हणत नाही. चूक होते. माझ्या हातूनही झाली असती. पण हात धुताना तुम्ही म्हणालात, चांगली केली. आणि बाजाराच्या दिवशी म्हणालात, पोट्टीनं. आणि तेव्हा तुम्हाला माहीत होतं. तेव्हाच माहीत होतं. शाळा तुम्ही हातांच्या नावानं घेतलीत, आणि हात एका खोट्याच्या नावानं. मग माझ्याकडं काय ठेवलंत तुम्ही? चुलीला फुंकर घालायला तोंड?

सून म्हणते आहे, आई, पाणी प्या. प्यायले. पुढं लिही.

मी काम अर्धं नाही टाकलं. जळालेली मोटार नव्या तारेनं भरून देणाऱ्याकडं तसला लाल फायबर, म्हणजे दाबलेला पुठ्ठा, मिळतो, त्याचा तुकडा भाच्याला आणायला लावला. जुनी चकती वर ठेवून गिरवली, कात्रीनं कापली, कानशीनं कड काढली, मधलं भोक हळूहळू वाढवत आसाशी जुळवलं. तेलकट झालेली लाल चकती घासलेटानं धुऊन उन्हात वाळवली. दात्यांना वंगण, आसाला दोन थेंब तेल, आणि ब्रेकच्या चकत्या कोरड्या. माळ उलटी सोडली. मग ती गोठ्याच्या मेढीला तारेनं बांधली, सुतळी गुंडाळली, टोक भाच्याच्या मोटारसायकलच्या कॅरियरला. म्हटलं, “चाल आता, तूच मासा.” गल्लीतली माणसं जमली. तो हळूहळू गाडी नेतो आहे, सुतळी ताणते, चकरी कुर्रर्र करत देते. मी चांदणी एक घर आवळते, गाडी जड होते. अजून एक घर, आणि गाडी बंद पडते. भाचा पाय टेकून मागं बघतो, “आत्या! हे तं लय पक्की धरते!” समोरची म्हातारी म्हणाली, “माय व, जावायाले बांधा म्हणा असं.”

हसणं झाल्यावर मी ते चामडं त्याच्या तळहातावर ठेवलं आणि सांगितलं. तो शेंडेफळ आहे पण मूर्ख नाही, त्याला लगेच कळलं. तोंड उतरलं. फोन काढून म्हणाला, “आत्या, त्या माणसाले आतलं सगळं सांगून पाठवा लागते. पण म्या त्याले आजोबाची लय तारीफ सांगतली आहे, नामी मिस्तरी म्हणून. तू असं म्हण ना, का लहानपणी तूच चामडं टाकलं होतं. तुले काय फरक पडते? घरात तं सगळ्याइले तसंच माईत आहे.”

तुमचाच नातू. तीच ओळ, तोच आवाज. फक्त तुम्ही मला विचारलं नव्हतं, यानं विचारलं, एवढीच पिढीची सुधारणा.

मी म्हटलं, तुझ्या बापाला फोन लाव. लावला, आवाज मोठा करून. धाकट्याला आता खोकल्याशिवाय दोन वाक्यं बोलवत नाहीत. मी सगळं सांगितलं. पलीकडून नुसता खोकला. मग म्हणाला, “हाव. माईत होतं मले.” मी म्हटलं, काय माहीत होतं? “बाबांनी सांगतलं होतं. शेवटच्या दुखण्यात. तू आठ दिवस राहून बीबीले गेली ना, त्याच दिवशी. म्हणे, चामडं म्या टाकलं होतं, पोट्टीची चुकी नव्हती, तिले सांगजो.” मी विचारलं, “मंग?” “मंग काय? तेराव्याले तू रडून राह्यली होती, म्हटलं आता काऊन सांगा. मंग राहूनच गेलं.” मी म्हटलं, “तीस वरस सांगायचं राहून गेलं. अन् ‘आत्याची चकरी’ म्हणायचं एकही डाव नाही राह्यलं?” 

त्याच्यावर मी नंतर रागवेन, त्याला अजून वेळ आहे. राग तुमचा आहे. आठ दिवस मी तुमच्या उशाशी होते. ताकातल्या कण्या तुम्हाला चमच्यानं भरवत होते, पातळ करून, कारण घास अडकायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तुम्ही माझा हात धरून बघत राहिलात आणि म्हणालात, “बोटं जाड झाली तुही.” मी किती दिवस ते माया म्हणून सांभाळलं! तेव्हा तुमच्या ओठांशी होतं ते. कण्या गिळल्या, त्याच्याबरोबर ते पण गिळलंत. आणि मी एसटीत बसले, गाडी फाट्यावरून वळली असेल नसेल, तेव्हा तुम्ही ते काढून धाकट्याजवळ ठेवलंत. माझ्यासमोर खोटं बोलायला तुम्हाला पन्नास माणूस चालले, आणि खरं बोलायला मी गावात सुद्धा नको होते.

फोन ठेवल्यावर भाचा माझ्याकडं बघेना. मीच म्हटलं, चालू कर तुझं ते फोनमधलं रेकॉर्डिंग. त्यानं केलं. मी सगळं सांगितलं, जसं आहे तसं: कडी वाकलेली आहे, मुठीला चीर आहे, दाते मूळचे आहेत, दोन लाल चकत्या मूळच्या. तिसरी दुकानाच्या मालकानं पंपाच्या चामड्याची टाकली होती, ती चुकीची होती, त्यामुळं ब्रेक घसरला. तो माझा बाप होता. त्याच्या आधी तेरा वर्षांच्या पोरीनं ही चकरी उघडून मिटवली होती, ती बरोबर होती. आता तिसरी चकती नवीन आहे, तीही तिच्याच हातची. बोलताना आवाज थोडा चिरकला, म्हणून भाचा म्हणाला, पुन्हा घेऊ का? मी म्हटलं, नको, जसं आलं तसं जाऊ दे. त्यानं माझ्यासमोरच पाठवून दिलं. मग चकरी फडक्यात बांधली आणि जाताना पाया पडला. दरवेळी वरवर वाकतो, या वेळी पाय धरले, आणि बोटं अंमळ जास्तच वेळ ठेवली.

आता एवढं लिहून झाल्यावर सून विचारते, आई, हे पाकिटात घालू का? कुठल्या पत्त्यावर घालणार? तुमच्या फोटोपुढं ठेवलं तरी वाचून दाखवायला तिथं धाकटाच आहे, आणि तो म्हणेल, राहूनच गेलं. राहू दे इथंच, गव्हाच्या कोठीवर. फक्त एक गोष्ट तिला लिहायला सांगणार नव्हते, पण सांगते. गाडी बंद पडली आणि चकरीनं धरून ठेवलं, तेव्हा गल्लीतली सगळी माणसं समोर होती, हसत होती, पण मी मान वळवून डावीकडं पाहिलं. पोत्यावर बसले की तुम्ही माझ्या डावीकडं असायचात. सगळं माहीत झाल्यावरही, हातात ते चामडं घेऊनही, आधी तुम्हालाच दाखवायचं होतं मला. याचा मला जितका राग आहे तितका त्या बाजाराच्या दिवसाचाही नाही.

काल धाकट्याचा निरोप आला, आखाजी, पितरांची अक्षय्य तृतीया, जवळ आली, बाबांच्या नावानं वाढायच्या पानावर दरवर्षीसारखं तुझ्या घरचं काहीतरी पाठव. भाचा उद्या येतो आहे न्यायला. तर सूनबाई, लेखणी ठेव आणि ऐक: शेवया पाठवू नको, पुरण तर नकोच. डब्यातल्या चार कुरडया दे, कोरड्या. तेल त्यांच्या घरचं, तळून घेतील म्हणावं तिकडं.